खडीची वाट आणि प्रबंधातली अठरा पानं

"आम्ही सायन्सवाले. इतिहासाच्या विषयात पीएच.डी. जमेल का? तिकडे पुरावा कशाला म्हणतात तेच कळत नाही." तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडून हा प्रश्न येतो. आज त्याचं उत्तर सल्ला देऊन देत नाही, एका रस्त्यावरून देते. रस्ता फ्रान्समधला आहे, खडीचा आहे, आणि त्यानं माझ्या प्रबंधाची अठरा पानं खाल्ली. खाल्ली ते बरंच झालं, पण हे कळायला मला चार महिने लागले.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझी एम.एस्सी. भूशास्त्रातली. प्रबंध रस्तेबांधणीच्या इतिहासावर, मुख्यतः १८व्या शतकातल्या फ्रान्सवर. त्यासाठी तीन महिने मध्य फ्रान्समधल्या लिमोज शहरात होते. आठवडाभर दप्तरखान्यात बसायचं आणि शनिवार-रविवारी दप्तरखाना बंद. घरमालकीणबाईंच्या पडवीत एक ग्रॅव्हल बाइक धूळ खात पडली होती. त्यांनी विचारलं, "नेतेस का?" मी नेली.

ग्रॅव्हल बाइक म्हणजे रेसिंग सायकलचंच वाकडं हँडल, पण टायर चाळीसेक मिलिमीटर रुंद आणि हवा कमी भरलेली. डांबरावर बऱ्यापैकी पळते आणि खडीवर घसरत नाही. हा प्रकार नावारूपाला आला अमेरिकेत. कॅन्सस राज्यातल्या शेतरस्त्यांवर २००६ मध्ये दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली आणि तिथून ही लाट जगभर गेली. २०२४ च्या टूर दी फ्रान्समध्ये त्र्वा शहराभोवतीच्या टप्प्यात पांढऱ्या कच्च्या रस्त्याचे चौदा तुकडे होते, एकूण ३२ किलोमीटर. टीव्हीवर सगळे म्हणत होते, काहीतरी नवीन बघतोय. थोडं थांबा. यात नवीन किती आणि जुनं किती, हाच आजचा विषय आहे.

नदी, डोंगर आणि वाट

लिमोज विएन नदीवर वसलंय. ही नदी पूर्वेला मिलवाशच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर उगम पावते आणि पुढे जाऊन ल्वार नदीला मिळते. माझी ठरलेली वाट नदीच्या उलट दिशेची होती. लिमोजहून निघायचं, तोरियों नदीचा संगम मागे टाकायचा, वीसेक किलोमीटरवर सँ-लेओनार-द-नोब्ला गाठायचं, पुढे तेवढंच अंतर तोडून एमुतिए, आणि तिथून पठारावर चढायचं. खाली ग्रॅनाइट आणि नाइस हे खडक. दरीत ओकची झाडं आणि कुंपणांच्या मधून गेलेल्या अरुंद वाटा, वर पठारावर सूचिपर्णी वृक्षांचं दाट रान.

सँ-लेओनार छोटं गाव आहे, पण तुम्हाला ते माहीत आहे, फक्त माहीत असल्याचं माहीत नाही. अकरावीच्या रसायनशास्त्रात वायूंच्या नियमांत भेटलेला गे-ल्युसाक इथे १७७८ मध्ये जन्मला. सायकलवाल्यांना हे गाव रेमों पुलिदोरमुळे माहीत. पुलिदोर टूर दी फ्रान्समध्ये आठ वेळा पहिल्या तिघांत आला आणि पिवळी जर्सी एक दिवसही अंगावर घालायला मिळाली नाही. तो याच गावात राहायचा, २०१९ मध्ये इथेच वारला. त्याच्या मुलीचा मुलगा माथ्यू व्हान डर पूल २०२४ मध्ये ग्रॅव्हल सायकलिंगचा जगज्जेता झाला. गावाखाली विएनवर १३व्या शतकातला दगडी पूल आहे. त्यावरून यात्रेकरू स्पेनमधल्या सांतियागोला चालत जायचे, आजही जातात.

या पुलाच्या कठड्यावर बसून भाकरीऐवजी पाव खाताना मला वाटलं, माझा विषय पायाखालीच आहे. कारण माझ्या प्रबंधाचा नायक याच भागातला इंजिनिअर होता.

वेठ आणि रस्त्याची जाडी

त्याचं नाव प्येर त्रेझागे. जन्म १७१६, मृत्यू १७९६. १७६४ मध्ये तो लिमोज प्रांताचा मुख्य रस्ते-अभियंता झाला. त्याच्या आधीचे फ्रेंच राजरस्ते कसे बांधायचे? वेठीनं. फ्रेंचमध्ये या वेठीला कॉर्व्हे म्हणत. १७३८ मध्ये अर्थमंत्री ओरी यांनी ती देशभर लागू केली. रस्त्याजवळच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी वर्षातले ठरावीक दिवस स्वतःची बैलजोडी, गाडी, फावडं घेऊन यायचं आणि फुकट राबायचं. सरदारांना माफी, धर्मगुरूंना माफी. रस्त्यावरून बग्गी नेणारा एक आणि तो रस्ता कुटणारा दुसरा.

आता इथे लक्ष द्या, कारण मला या विषयाच्या प्रेमात पाडणारी गोष्ट हीच आहे. वेठीची माणसं वर्षातून दोनदाच बोलावता येत, वसंतात आणि शरदात. पेरणी-कापणीच्या दिवसांत बोलावलं तर शेतंच बुडतील. म्हणजे रस्ता एकदा दुरुस्त केला की त्यानं सहा महिने कुणाचा हात न लागता टिकायला हवं. म्हणून त्याची जाडी प्रचंड ठेवत: मधोमध १८ पूस, म्हणजे जवळपास अर्धा मीटर दगड. जाडी जास्त म्हणून दगड जास्त, दगड जास्त म्हणून वेठ जास्त. हे चक्र कुठे थांबतच नव्हतं.

१७६१ मध्ये आन-रोबेर-जाक त्युर्गो हा लिमोज प्रांताचा कारभारी म्हणून आला. अर्थशास्त्र शिकलेल्यांनी हे नाव ऐकलं असेल. त्यानं वेठीऐवजी पैसे घ्यायचं ठरवलं. रस्त्यालगतच्या गावांनी काम ठेक्यानं करून घ्यायचं, तेवढी रक्कम त्यांच्या करातून वजा करायची आणि तो भार सगळ्या प्रांतात वाटायचा. आता रोजंदारीवर माणसं ठेवता येत होती. खड्डा पडला की आठवड्याभरात बुजवता येत होता.

त्रेझागेला यातलं मर्म दिसलं. रस्त्याची देखभाल रोज होणार असेल तर जाडी कशाला? त्यानं ती दहा पुसांवर आणली, म्हणजे सुमारे २७ सेंटीमीटर. तळाला मोठे दगड उभे बसवायचे, त्यावर लहान दगड ठोकून घट्ट करायचे आणि सगळ्यात वर अक्रोडाएवढ्या फोडलेल्या कठीण दगडाची खडी. कठीण दगड जवळ नसेल तर लांबून आणा, पण वरचा थर कठीणच हवा. तळसुद्धा सपाट नाही, रस्त्याच्या पाठीसारखाच मधोमध फुगीर, म्हणजे झिरपलेलं पाणी कडेला उतरतं. १७७५ मध्ये त्यानं हे सगळं एका टिपणात लिहून काढलं.

सायन्सच्या मुलामुलींनो, इथे जरा थांबून विचार करा. थराची जाडी ही तांत्रिक गोष्ट वाटते, भार आणि दाब यांच्या गणितातून निघालेली. पण निम्मं गणित समाजाचं होतं. अर्धा मीटर दगडात वेठ होती, पाव मीटर दगडात मजुरी होती. हे वाचलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण योग्य विषयात आलोय.

या रस्त्यांचं काय झालं? १७८७ मध्ये आर्थर यंग हा इंग्रज शेतीतज्ज्ञ पॅरिसहून तुलूझच्या दिशेनं लिमोजवरून गेला. फ्रान्सवर टीका करायची एकही संधी न सोडणारा हा माणूस. त्यानंसुद्धा इथल्या रस्त्यांचं तोंडभरून कौतुक केलं आणि श्रेय त्युर्गोला दिलं. त्युर्गो स्वतः १७७४ मध्ये देशाचा अर्थमंत्री झाला, १७७६ मध्ये त्यानं देशभरातली वेठ रद्द करायचा हुकूम काढला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याला घरी बसवलं आणि हुकूमही मागे घेतला गेला. वेठ जायला आणखी दहाएक वर्षं लागली.

आता माझी चूक

तर मी अशा भारावलेल्या अवस्थेत एमुतिएच्या पुढे पठारावर चढत होते. खडीचा छान रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना रान. एका वळणावर पावसाच्या पाण्यानं रस्त्याची कड कापून नेली होती आणि आतला छेद उघडा पडला होता. मी सायकल आडवी टाकली आणि बघत बसले. तळाला हातभर लांबीचे मोठे दगड, त्यावर मध्यम, वर बारीक खडी. हुबेहूब त्रेझागे! फोटो काढले, टेपनं थर मोजले, वहीत रेखाटलं. आम्हा भूशास्त्रवाल्यांना छेद दिसला की कागदपत्रांपेक्षा जास्त भरवसा वाटतो.

घरी येऊन झपाटल्यासारखं लिहिलं. अठरा पानं. मुद्दा असा: लिमोजच्या पूर्वेकडच्या डोंगरांतले हे खडीचे रस्ते म्हणजे त्रेझागेच्या पद्धतीचे जिवंत अवशेष आहेत आणि आजचे ग्रॅव्हल सायकलस्वार नकळत १८व्या शतकावरून सायकल चालवतायत. वाक्य किती गोड आहे बघा. इतकं गोड वाक्य सुचलं की सावध व्हायचं असतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

प्रकरण गाईड मॅडमना पाठवलं. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: "थर दिसले ते ठीक. तारीख कुठे दिसली?"

मी आधी चिडले. मग घाबरले. कारण उत्तर माझ्याकडे नव्हतं. लाज वाटायची गोष्ट म्हणजे हाच धडा मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिकले होते. दोन ठिकाणचा खडक दिसायला सारखा आहे म्हणून तो एकाच काळातला ठरत नाही. वय ठरवायला जीवाश्म लागतात, किरणोत्सारी मोजणी लागते. खडकांच्या बाबतीत मी ही चूक कधीच केली नसती. रस्त्याच्या बाबतीत डोळे झाकून केली.

तारीख कशी शोधली

पहिला आधार घेतला कासिनी घराण्याच्या नकाशांचा. हे १८व्या शतकातले, त्रिकोणमितीच्या आधारे केलेले पहिले देशव्यापी नकाशे, प्रमाण १:८६,४००. लिमोजच्या पानावर माझा रस्ता नव्हता. मी खट्टू झाले, पण यानं काही सिद्ध होत नाही. कासिनीच्या नकाशात चर्चचे मनोरे मोजून बसवलेत, गावागावांतल्या बारीक वाटा मात्र बहुतेक काढलेल्याच नाहीत. नकाशात नसणं म्हणजे जमिनीवर नसणं नव्हे. नकाशा करणाऱ्याला काय दाखवायचं होतं, हे आधी विचारायचं.

दुसरा आधार जमीन मोजणीच्या नकाशांचा. नेपोलियनच्या १८०७ च्या कायद्यानं फ्रान्समधल्या प्रत्येक गावाची पट्टी-पट्टी मोजली गेली. आपल्याकडच्या गावनकाशासारखंच. त्या कागदावर माझा रस्ता जिथे असायला हवा तिथे मोकळी माळरानाची जमीन होती, गावाच्या सामायिक चराईची. वाट नाही, पायवाटसुद्धा नाही. हे पहिल्यापेक्षा वजनदार, कारण मोजणीवाल्याचं कामच वाटा दाखवणं असतं.

तिसऱ्या आधारानं माझी अठरा पानं संपवली. फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेनं दुसऱ्या महायुद्धानंतर विमानातून काढलेली छायाचित्रं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवलीत. शेजारी आजचं छायाचित्र लावून सरकवून बघता येतं. १९५० च्या सुमाराच्या चित्रात तिथे रस्ता नव्हता. रानही नव्हतं! होतं फक्त उघडं माळरान. पुढच्या काही दशकांच्या चित्रांत झाडांच्या रांगा दिसू लागतात आणि त्यांच्यामधून एक स्वच्छ पांढरी रेघ.

उलगडा सोपा होता. १९४६ मध्ये फ्रान्सनं वनलागवडीसाठी राष्ट्रीय निधी उभारला. माणसं गाव सोडून शहरात गेलेली, माळ पडीक, त्यामुळे पठारावर डग्लस फर सारखी झाडं लावायला पैसे मिळाले. झाडं वाढली तशी ओंडके नेणारे ट्रक आले आणि ट्रकांसाठी खडीचे रस्ते. माझा "१८व्या शतकातला" रस्ता माझ्या आईच्या वयाचा निघाला.

मग ते थर? मोठा दगड खाली आणि बारीक वर, हे आजही कुणीही करतं. आपल्याकडे सोलिंग टाकून वर खडी दाबतात, तसंच. चांगली पद्धत तिच्या जनकानंतरही दोनशे वर्षं जगते. म्हणूनच पद्धतीवरून काळ ठरवता येत नाही.

मग त्रेझागेची खडी गेली कुठे?

पानं फाडल्यावर हा प्रश्न उरला आणि खरं प्रकरण इथून सुरू झालं. त्रेझागेनं बांधले ते राजरस्ते. पॅरिस-तुलूझसारखे मोठे मार्ग. जे महत्त्वाचे होते ते पुढेही महत्त्वाचेच राहिले. आधी राजरस्ता, मग राष्ट्रीय मार्ग, मग डांबर, आणि काही ठिकाणी शेजारून महामार्ग. म्हणजे त्याची खडी आज कुठे उरली असलीच तर डांबराच्या खाली आहे. जिथे ग्रॅव्हल बाइकवाले मुद्दाम जात नाहीत, नेमकं तिथे.

डांबर आलं ते का, हेही मजेदार आहे. स्कॉटलंडचा जॉन मॅकॅडम १९व्या शतकाच्या सुरुवातीला म्हणाला की तळाच्या मोठ्या दगडांचीही गरज नाही. खालची माती कोरडी ठेवा आणि टोकदार फोडलेल्या बारीक खडीचे थर द्या, ती एकमेकांत अडकून बसते. नदीतला गोल गोटा अडकत नाही, घरंगळतो. आपल्या पी.डब्ल्यू.डी.च्या फलकांवर 'डब्ल्यू.बी.एम.' लिहिलेलं वाचलंय ना? त्यातला शेवटचा 'एम' हाच मॅकॅडम. बैलगाडीची लोखंडी धाव खडी चिरडून भुकटी करायची, ती भुकटी पाण्यानं फटींत बसून रस्ता बांधून ठेवायची. मग मोटारी आल्या. वेगानं जाणारं रबरी चाक ती भुकटी उडवून लावायला लागलं. रस्ते सुटे झाले, गावं धुळीनं भरली. १९०२ मध्ये मोनॅकोत गुग्लिएल्मिनेत्ती नावाच्या एका स्विस डॉक्टरनं धूळ बसवायला रस्त्यावर डांबर ओतून पाहिलं. १९०८ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय रस्ते परिषद भरली, तिथला मोठा प्रश्नही हाच होता.

याचा अर्थ लक्षात घ्या. १९०३ मध्ये टूर दी फ्रान्स सुरू झाली तेव्हा 'ग्रॅव्हल' असा वेगळा शब्द लागतच नव्हता. सायकल चालवणं म्हणजेच खडीवर चालवणं.

जे उरलं ते कुणाचं?

डांबर सगळीकडे का नाही पोहोचलं? उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडलं. २१ मे १८३६ च्या कायद्यानं गावांवर गावरस्त्यांच्या देखभालीची सक्ती आली. पैसे नसतील तर लोकांनी वर्षाला तीन दिवसांपर्यंत श्रम द्यायचे. वेठ मागच्या दारानं परत आली म्हणा, फक्त या वेळी तिच्या बदल्यात पैसे भरायची सोय होती आणि जन्मानं माफी कुणालाच नव्हती. पण ही देखभाल फक्त यादीत नोंदवलेल्या रस्त्यांना. यादीबाहेरच्या वाटांना १८८१ च्या कायद्यानं वेगळा वर्ग मिळाला: 'शमॅं र्‍युराल', म्हणजे ग्रामीण वाट. १९५९ मध्ये रेषा पक्की झाली. नोंदवलेले रस्ते गावाची सार्वजनिक मालमत्ता, त्यांची देखभाल सक्तीची. ग्रामीण वाट गावाच्या मालकीची आणि सगळ्यांना खुली, पण देखभालीचं बंधन नाही.

वर्ग बदलला आणि नशीब बदललं. एका वाटेवर डांबर चढलं, दुसरी गवताळ राहिली. आपल्याकडची पाणंद डोळ्यांपुढे आणा, तेच चित्र आहे. आणि पाणंदीचं जे दुखणं तेच तिथलंही. बाजूचा शेतकरी दरवर्षी एक तास जास्त घालतो, कुंपण थोडं आत सरकतं आणि वाट अरुंद होत होत नाहीशी होते. फ्रान्समध्ये तर तीस वर्षांच्या निर्वेध कब्ज्यानं अशी वाट खाजगीसुद्धा होऊ शकते, कारण ती सार्वजनिक मालमत्तेच्या कवचाबाहेर आहे. २०२२ च्या कायद्यानं गावांना आपल्या वाटांची गणती करायची आणि तोवर कब्ज्याच्या मुदतीचं घड्याळ थांबवायची मुभा दिली. काही वाटांसाठी हे वेळेवर झालं, बऱ्याच वाटांसाठी उशिरा.

या वाटा कुणाच्या होत्या? शेजारच्या क्रझ जिल्ह्यातला मार्तॅं नादो हा गवंडी मार्च १८३० मध्ये, चौदा वर्षांचा असताना वडिलांबरोबर कामासाठी पॅरिसकडे चालत निघाला. या भागातले हजारो गवंडी दर वसंतात असेच जायचे आणि हिवाळ्यात परतायचे. नादो पुढे खासदार झाला, आठवणी लिहिल्या, म्हणून आपल्याला तो माहीत. क्रझची लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे २,८७,००० होती, आज साधारण १,१५,००० आहे. गेलेली माणसं परत आली नाहीत. विएनच्या खोऱ्यात ओंडके नदीत सोडून लिमोजच्या चिनी मातीच्या भट्ट्यांपर्यंत वाहत नेले जायचे. १७६८ च्या सुमारास जवळच सँ-इरिएला पांढरी केओलिन माती सापडली आणि १७७१ पासून लिमोजला भट्ट्या पेटल्या. नदीकाठच्या कित्येक वाटा त्या ओंडक्यांमागून चालणाऱ्यांच्या. त्यांचा ना नकाशा आहे ना टिपण. त्रेझागेचं टिपण आहे, कारण तो इंजिनिअर होता.

म्हणून माझं नवं प्रकरण त्रेझागेच्या विजयाचं नाही. आजची ग्रॅव्हलची वाट म्हणजे दोनशे वर्षांत कुणीतरी घेतलेला, किंवा घ्यायचं टाळलेला, निर्णय आहे. चाळीस किलोमीटरच्या एका रपेटीत तुम्ही १९व्या शतकातल्या यादीतून सुटलेली पाणंद, यात्रेकरूंची वाट आणि वनखात्याचा ट्रकरस्ता एकामागून एक पार करता. टायरला तिन्ही सारखेच लागतात. इतिहासकाराला ते सारखे लागले तर चूक त्याची.

तुमच्यासाठी चार गोष्टी

१. रूप आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "हे जुनं दिसतं" हा पुरावा नाही, तो प्रश्न आहे.

२. प्रत्येक साधनाला विचारा: तू काय दाखवण्यासाठी तयार झालास? ज्या नकाशाला वाटा दाखवायच्याच नव्हत्या, त्यात वाट नाही याचा अर्थ शून्य. ज्याला दाखवायच्या होत्या, त्यात नाही याचा अर्थ मोठा.

३. एकमेकांवर अवलंबून नसलेली निदान तीन साधनं लावा. माझा छेद, माझा फोटो आणि माझी वही ही तीन साधनं नव्हती. ती एकच होती, तीनदा मोजलेली.

४. टिकून राहिलेल्या गोष्टींवरून निष्कर्ष काढताना विचारा की हीच का टिकली. बहुतेक वेळा महत्त्वाची गोष्ट सुधारली जाते आणि म्हणून पुसली जाते. बिनमहत्त्वाची दुर्लक्षामुळे वाचते.

निघायच्या आदल्या रविवारी मी पुन्हा सँ-लेओनारच्या पुलावरून वर गेले. या वेळी वनखात्याचा रस्ता सोडून एका अरुंद ग्रामीण वाटेवर वळले, जी १८०७ नंतरच्या मोजणीत स्पष्ट दिसते. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मधे गवत, दोन चाकोऱ्या. मधोमध काटेरी झुडूप वाढलेलं, सायकल उचलून न्यावी लागली. फ्रेंच कायद्यानुसार वाट ग्रामीण आहे की नाही हे ठरवताना एक गोष्ट बघतात: लोक ती वापरतात का. लोकांची ये-जा हाच तिच्या सार्वजनिकपणाचा आधार. म्हणजे त्या ओल्या मातीत उमटलेली माझ्या टायरची नक्षी, अगदी छोटासा का होईना, पुरावाच होती.

या वेळी मात्र मी वहीत पहिल्यांदा तारीख लिहिली.